द्राक्षबागेतली शहरबस

सांगलीतल्या एका शिक्षणसंस्थेचे विश्रामबागच्या बाजूला मोठे आवार आहे. तिथल्या एका जुन्या वर्गखोलीत संस्थेने स्थानिक इतिहासाचे दालन केले. हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवाची प्रतिकृती, नाटक कंपन्यांची हस्तपत्रके, मिरजेच्या सतारीचे सुटे भोपळे, पुराच्या खुणांचे फोटो, असा ऐवज. दालनाबाहेर एक जुनी एसटी उभी करावी असे कार्यकारी मंडळात ठरले. बस मिळाली होती, जागा आखली होती, पाटीचा मजकूरही छापायला गेला होता: ‘सांगली-मिरज शहर वाहतुकीची पहिली बस’. मला बोलावले ते अगदी शेवटी, नोंदवहीतली ओळ भरायला. वस्तू कुठून आली, कुणाची होती, आज स्थिती काय, एवढेच लिहून द्यायचे होते. ती ओळ भरता भरता पाटी रद्द झाली, रंगकाम थांबले आणि मंडळातल्या दोन सदस्यांनी माझ्याशी बोलणे सोडले. त्यातल्या एकांनी आता पुन्हा सुरू केले आहे.

हे प्रकरण तपशिलात मांडायचे कारण असे, की जुनी बस मिळवणे आता सोपे राहिलेले नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही आणि राज्य परिवहनाच्या बसही त्यात धरल्या आहेत. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात नेऊन मोडायची. पूर्वी लिलावात बसची बॉडी घेऊन लोक ती ढाब्यावर, वीटभट्टीवर, शेतात नेऊन ठेवत. ती वाट आता बंद. जुन्या लिलावांतून ज्या सुटल्या त्याच शिल्लक, आणि त्यातली प्रत्येक कुणाच्या तरी कामात आहे.

ही बस तासगाव तालुक्यात, एका द्राक्षबागेच्या बांधावर होती. इंजिन नाही, सीटा नाहीत, काचा निम्म्या. चाके काढून आस सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवलेले. बाहेरून सगळीकडे गडद हिरवा ऑइलपेंट. आत बेदाण्याचे क्रेट छतापर्यंत रचलेले, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, गंधकाची पोती, फवारणीचा पंप आणि मागच्या कोपऱ्यात औषधांच्या बाटल्या. ड्रायव्हरच्या जागी देवाची तसबीर आणि बागेची नोंदवही. म्हणजे बस रिकामी पडली नव्हती. तिचा धंदा बदलला होता, इतकेच.

मालकांना सगळे आण्णा म्हणतात. संस्थेची माणसे पहिल्यांदा गेली तेव्हा आण्णांनी नाही म्हटले, आणि मंडळाने त्याचा अर्थ लावला की पैसे हवेत. नंतर मी गेलो तेव्हा ते म्हणाले, “न्ह्या की वो साहेब. पर माझं क्रेट कुठं ठिवू? पाऊस काय तुमच्या म्युझियमला इचारून येतोय व्हय?” त्यांना पैसे नको होते, शेड हवी होती. पत्र्याची, बसएवढी, बसच्याच जागी. मंडळात यावर बरीच कुरकुर झाली. माझ्या मते प्रकरणातला सर्वांत न्याय्य व्यवहार हाच होता. शेड उभी राहिली तेव्हाच बस हलली. क्रेन आणि ट्रेलरचे भाडे आण्णांनी कधीकाळी लिलावात मोजलेल्या पैशांपेक्षा जास्त झाले, तेही कुणी धरले नव्हते.

आण्णांकडे लिलावाची पावती होती. सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. पावतीवर गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चॅसीचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, क्रमांक. आम्ही चॅसीच्या लोखंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढला, खडू फिरवला, आणि ठोकलेले आकडे पावतीशी जुळले. हे पहिल्या दिवशी जमले नसते तर पुढचे सगळे गप्पांवर चालले असते. म्हणून कुणी विचारले तर मी आधी हेच सांगतो: रंगाऱ्याला नंतर बोलवा, आधी चॅसीवरचा आकडा वाचा.

पाटीवरच्या दाव्याचे मूळ एका निवृत्त कंडक्टर काकांच्या आठवणीत होते. संस्थेने निवृत्त एसटी कर्मचाऱ्यांची बैठक घेतली होती. काका तिथे म्हणाले की मिरज फेरीला पहिल्या दिवशी हीच गाडी होती. कुणीतरी ते टिपून घेतले आणि तिथून ते पाटीवर गेले. बैठकीत दुसऱ्याने लगेच उलट सूर लावला: गाडीचा नंबर एमएच १२, म्हणजे ही पुण्याची, सांगलीची नव्हेच. सांगलीचा तर एमएच १०.

दोघांचेही चुकत होते, आणि दोघांचे चुकणे उपयोगी पडले. एसटीच्या गाड्यांचा नंबर त्या कुठल्या आगारात धावतात त्यावर ठरत नाही. बॉडी जिथे बांधली तिथल्या परिवहन कार्यालयात नोंदणी होते. महामंडळाच्या बॉडी बांधणाऱ्या मोठ्या कार्यशाळा तीन: पुण्याची दापोडी, औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा. त्यामुळे सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीत जन्म काढलेल्या गाड्याही पुण्याकडचा नाहीतर औरंगाबादचा नंबर मिरवतात. एमएच १२ वरून कळते ते एवढेच की ही दापोडीची लेक.

पण त्याच नंबरातून आणखी एक गोष्ट निघाली. ‘एमएच’ने सुरू होऊन पुढे जिल्ह्याचा आकडा, ही पद्धत १९८९ नंतरची. काका त्याच्या बरेच आधीपासून नोकरीत. मी त्यांना विचारले, “काका, तुम्ही लागलात तेव्हा मिरजेला शहर फेरी होती का?” ते हसले. “व्हती की. माझी पहिली ड्युटीच तिच्यावर.” मग स्वतःच गप्प झाले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे ही नव्हं ती.” पाटी तिथेच गेली. काकांची आठवण खोटी नव्हती. त्यांच्या मनात एक गाडी होती, फक्त समोर उभी होती ती वेगळी. त्यांचे बोलणे आम्ही पुढे सविस्तर ध्वनिमुद्रित केले: तिकिटांचा ट्रे, पंचची टिकटिक, घंटीची दोरी, मिशन हॉस्पिटलला चाललेले पेशंट, विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांची पोरे आणि त्यांचे पास. तो ऐवज बसइतकाच मोलाचा आहे. मात्र त्या एका गाडीची साक्ष म्हणून तो चालत नाही.

मंडळाने मग माघारीची जागा शोधली. ‘पहिली’ नसेल, पण ‘शहर वाहतुकीसाठी खास आलेली’ तरी म्हणू. त्याला आधार हवा होता. कार्यशाळेची जुनी नोंदपुस्तके मिळण्यासारखी नव्हती. मग उरला रंग.

एसटीच्या गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते आणि पासिंगच्या आधी तिला रंग लागतो. विभागीय कार्यशाळेत पेंटर म्हणून राबलेले एक गृहस्थ बैठकीला होते. ते म्हणाले, “खरवडायला वेळ कुणाला होता सर? वरूनच हात मारायचो. खालचं खाली.” त्यांच्या त्या घाईचे आभार मानले पाहिजेत, कारण त्यामुळेच गाडीची सगळी वर्षे एकावर एक तिथेच साठून राहिली होती.

ड्रायव्हरच्या खिडकीखाली, आगाराचे नाव लिहितात तिथे, आम्ही हातभर रुंदीची जागा निवडली. नाकातोंडावर मास्क, हातात मोजे. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे कोरडा सँडपेपर मारून धूळ उडवायची नाही. भिंगाखाली शस्त्रक्रियेच्या पात्याने एकेक थर उचलायचा आणि प्रत्येक थराची एक पट्टी मुद्दाम मागे ठेवायची, म्हणजे शेवटी वरपासून खालपर्यंत सगळे रंग शेजारी शेजारी दिसतात. हिरवा ऑइलपेंट सालपटासारखा निघाला, कारण त्याखाली बागेची धूळ होती आणि त्याला धड पकड नव्हती. मग लाल. ऊन न लागलेला तो लाल इतका तजेलदार होता की पाहायला जमलेल्यांपैकी एक ड्रायव्हर “आगं आगं” म्हणाले. त्याच्या खाली पुन्हा लाल, जरा विटकरी. मग लांबीचा, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायच्या लुगदीचा, पांढुरका पट्टा. इथे कधीतरी पत्रा ठोकून सरळ केलेला. त्याखाली तिसरा लाल.

वरच्या लालावर पांढऱ्या अक्षरांत ‘मिरज’ होते. तिसऱ्या लालावर ‘तास’ एवढेच वाचता आले, पुढचे लांबीखाली गेलेले. डाव्या बाजूला, दाराच्या मागे, थर उचलून तशीच दुसरी जागा उघडली. या उघड्या जागांना आम्ही खिडक्याच म्हणू लागलो. तिथे वरच्या लालावर ‘हर वाह’ ही अक्षरे निघाली. दोन्ही टोकांना पत्रा बदललेला. त्याच जागी तिसऱ्या थरावर काहीच नव्हते.

याचा अर्थ सरळ आहे. गाडी आधी तासगाव आगाराची साधी बस म्हणून धावली. तेव्हा तिच्यावर शहर वाहतूक लिहिलेले नव्हते. वय झाल्यावर, तिच्या शेवटच्या वर्षांत, ती मिरजेला शहर फेऱ्यांवर आली. हे एसटीच्या रीतीला धरूनच आहे. नवी गाडी लांबच्या मार्गाला, थकलेली गाडी जवळच्या फेऱ्यांना. शहरासाठी खास आलेली वगैरे काही नाही. उलट शहराच्या वाट्याला आलेली ती उतरती गाडी होती. मला ही गोष्ट ‘पहिली बस’पेक्षा कितीतरी जास्त सांगलीची वाटते. मंडळाला सुरुवातीला तसे वाटले नाही.

इथे एक परदेशी उदाहरण द्यावे लागते. बैठकीत ते मीच काढले आणि ते माझ्यावरच उलटवले गेले. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी शहरबसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली आणि त्यातून ३८१ दिवसांचा बसबहिष्कार उभा राहिला. ती बस जनरल मोटर्सची, १९४८ ची बांधणी, क्रमांक २८५७. सत्तरच्या दशकात ती सेवेतून निघाली तेव्हा एका स्थानिक गृहस्थाने विकत घेऊन शेतात ठेवली. इंजिन, सीटा निघाल्या. तीसेक वर्षे ती लाकूडफाटा आणि अवजारे ठेवायची खोली होती. आण्णांच्या बसचेच हे भावंड. २००१ मध्ये तिचा लिलाव झाला आणि मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती ४ लाख ९२ हजार डॉलरना घेतली.

ही तीच बस कशावरून? त्या काळातल्या माँटगोमेरीच्या बसस्थानक व्यवस्थापकाने बहिष्काराच्या बातम्यांची कात्रणे एका वहीत चिकटवली होती. एका कात्रणाशेजारी त्याने बसचा क्रमांक आणि ड्रायव्हरचे आडनाव हाताने लिहून ठेवले होते. संग्रहालयाने त्या वहीची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि मगच बोली लावली. मग गाडी पूर्ण दुरुस्त करून, रंगवून, १९५५ साली दिसत होती तशी केली. फेब्रुवारी २००३ पासून ती तिथे उभी आहे. लोक आत जाऊन बसतात.

मंडळाचे म्हणणे पडले, “बघा, त्यांनीसुद्धा रंगवलीच ना? शेतातली वर्षे पुसलीच ना?” मुद्दा बिनतोड होता. यावर मी जे उत्तर दिले तेच या प्रकरणातले माझे मुख्य म्हणणे आहे. माँटगोमेरीच्या बसला एक तारीख आहे. त्या एका संध्याकाळसाठी ती राखली गेली, म्हणून तिला त्या संध्याकाळपर्यंत मागे नेण्यात अर्थ आहे. शेतातली वर्षे तिच्या गोष्टीत आडवी येत होती. आपल्या बसला अशी तारीख नाही. तिला मागे न्यायचे तर कुठे न्यायचे? तासगावच्या थरापर्यंत नेले तर शहर वाहतूक पुसली जाते, शहर वाहतुकीपर्यंत आणले तर बेदाणा पुसला जातो. एक कोरी लाल बस उभी राहील, जी कुठल्याच वर्षी अशी नव्हती. चकाचक लाल बस पाहायची असेल तर तिकीट काढून स्टँडवर जावे.

एका सदस्याला तर गाडी १९४८ च्या पहिल्या एसटीसारखी करायची होती. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावलेली ती बेडफर्ड होती, लाकडी बॉडीची, ३० आसनांची. ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकलेल्या गाडीला ते सोंग द्यायचे कशाला? त्यापेक्षा सुताराकडून छोटी प्रतिकृती करून दालनात ठेवा, असे सुचवले. ते मान्य झाले.

खरी वस्तू ठेवली नाही की काय होते याला मुंबईइतके जवळचे उदाहरण नाही. मुंबईत घोड्यांच्या ट्राम १८७४ मध्ये सुरू झाल्या, विजेच्या १९०७ मध्ये, आणि १९२० पासून दुमजली ट्रामही होत्या. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली आणि गाड्या भंगारात गेल्या. अलीकडे सीएसएमटीसमोर भाटिया बागेत लोकांना पाहायला एक ट्राम उभी केली, तेव्हा ती कोलकात्याहून आणावी लागली. बेस्टचे आणिक आगारातले संग्रहालय मात्र मला आवडते, ते तिकिटे, यंत्रे, नमुने अशा लहान वस्तूंमुळे. मोठी गाडी सांभाळणे ज्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे त्यांनी तिकडे पाहावे. आम्हीही काकांकडून ट्रे आणि पंच मागून घेतले.

कँटीनचा प्रस्तावही आला. बसमध्ये चहा, बाहेर टेबले, संस्थेला चार पैसे. त्याला कोलकात्याचा दाखला दिला गेला. एस्प्लनेडला १९३८ च्या ट्रामगाडीत २०१४ पासून ‘स्मरणिका’ नावाचे छोटे संग्रहालय आहे, त्याच्या एका डब्यात चहापाणी मिळते. ती कल्पना वाईट नाही. पण आमच्या गाडीत कीटकनाशके ठेवली होती. वर्षानुवर्षे. फरशीच्या प्लायवूडमध्ये, कोपऱ्यातल्या सांध्यांत ती मुरलेली असणार, आणि तिथे शाळेची पोरे जाणार. म्हणून बस आवारात आल्यावर पहिले काम झाडणे-पुसणे नव्हते. मागच्या कोपऱ्यातला प्लायवूड काढून बंद पिशवीत बांधला. त्याचा एक तुकडा आणि पत्र्यावरची पुसणी तपासायला दिली. अहवाल येईपर्यंत दाराला कुलूप. बाटल्या आण्णांनी आधीच काढल्या होत्या, पण वास होता. उन्हात दुपारी जास्त येतो. चहाचा विषय त्या वासानेच मिटवला.

जागेबद्दल वाद झाला नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. त्यानंतर सांगलीत कुठलीही जड वस्तू कुठे ठेवायची हे वेगळे शिकवावे लागत नाही. विश्रामबागचे आवार उंचावर आहे. तरी पावसाचा प्रश्न होताच. एका सदस्याने बसवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधायला सांगितली होती. ती सोडवली. ताडपत्रीखाली ओल कोंडते, आणि जिथे ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला टेकतो तिथे ओल राहिली की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन झडते. दाराच्या चौकटीखाली ती आधीच झाली होती, बोटाने उकरता येत होती. गाडीला वर छप्पर हवे, बाजूने वारा हवा आणि खाली फरसबंदी हवी. तीन बाजू उघड्या अशी पत्र्याची शेड बांधायची ठरली. एका बससाठी संस्थेने दोन शेडी बांधल्या, एक तिला आणायला आणि एक तिला ठेवायला. हिशेबनीसांनी हे वाक्य बैठकीत तीनदा ऐकवले.

जागा आधी, गाडी मागून, हा क्रम इंग्लंडमधल्या ट्रामवेड्यांनाही साधला नव्हता. साउथॅम्प्टन शहराची ४५ क्रमांकाची ट्राम काही हौशी मंडळींनी १९४८ मध्ये दहा पौंडांना घेतली. ठेवायला जागा नव्हती. डर्बीशायरमधल्या क्रिच गावी त्यांना कायमची जागा मिळाली ती १९५९ मध्ये, आणि आज तिथे ब्रिटनचे राष्ट्रीय ट्रामवे संग्रहालय आहे. मधली वर्षे ती गाडी इकडून तिकडे फिरत राहिली. दहा पौंड ही त्या गाडीची खरी किंमत कधीच नव्हती.

चाकांचाही प्रश्न होता. मंडळाला टायर घातलेली बस हवी होती. बस नुसती उभी राहिली की टायर एका जागी दबतात, तडकतात आणि गाडी कलते. म्हणून भार आसाखालच्या लोखंडी घोड्यांवर ठेवायचा आणि चाके जमिनीला जेमतेम लागतील अशी अडकवायची. दिसायला बस चाकांवर, वजन घोड्यांवर. सीटा मात्र नाहीत आणि आणणारही नाही. दुसऱ्या गाडीच्या सीटा बसवल्या की पाहणारा त्या मूळच्या समजतो. सीटांचे पाय जिथे ठोकले होते ती भोके फरशीत दिसतात, पोरांना मोजू द्या.

गणपतीच्या मिरवणुकीत बस चालवायची, त्यासाठी तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची, असेही एकांनी सुचवले. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले, ते ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत. बस त्यात येत नाही. आणि ही तर त्या वयाचीही नाही. विषय पाच मिनिटांत संपला.

रंगाचा तोडगा असा निघाला. हिरवा तसाच राहील. रंगातल्या दोन्ही खिडक्या उघड्या राहतील, त्यांवर पारदर्शक झाकण आणि शेजारी थरांचा नकाशा. गंजलेल्या जागी फक्त गंजरोधक, तोही फिक्या राखाडी रंगात, म्हणजे नवे काम नवे म्हणून ओळखू येईल. ज्या दोन सदस्यांचा उल्लेख वर केला त्यांचा आग्रह होता की निदान समोरची बाजू तरी लाल करा, लोकांना एसटी ओळखू आली पाहिजे. यावर मी हटून बसलो, ते जरा जास्तच, हे खरे. पण सांगलीतल्या कुणाला हिरवी केली म्हणून एसटी ओळखू येणार नाही, हे मला पटत नाही.

नवी पाटी पेंटरकाकांनी हाताने लिहिली, एसटीच्या अक्षरांत. मजकूर असा: ‘राज्य परिवहनाची साधी बस. बॉडी दापोडी. आधी तासगाव आगार, नंतर मिरज आगार, शहर वाहतूक. लिलावानंतर तासगाव तालुक्यात द्राक्षबागेवर गोदाम.’ खाली चॅसी क्रमांक. वर्षे घातली नाहीत, कारण थरांवरून क्रम कळतो, साल कळत नाही. आण्णांनी पाटी वाचून विचारले, “गोदाम कशाला ल्हिवलं? लोकं म्हंतील शेतकऱ्यानं वाट लावली बसची.” त्यांना समजावले की त्यांनी ठेवली नसती तर ती केव्हाच वितळली असती. मग पाटीवर ‘तिथेच ती टिकली’ एवढे वाढवले.

दानपत्र झाले, नोंदणी रद्द असल्याचा कागद फाइलला लागला. एक प्रश्न अजून लोंबकळतोय, तो इंजिनाचा. बैठकीला येणारे निवृत्त मेकॅनिक म्हणतात, “टाटाचं जुनं इंजिन बघतो, बसवून देतो. धूर काढला न्हाई तर नाव सांगणार न्हाई. मुकी बस कशाला दाखवायची पोरांना?” त्यांच्या म्हणण्यात दम आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९०७ ची पतियाळा मोनोरेल चालवून दाखवतात आणि ती पाहायला गर्दी होते. पण ती पुन्हा उभी केली रेल्वेच्या अमृतसर कार्यशाळेने. इथे एक मेकॅनिक, त्यांचे दुखरे गुडघे आणि संस्थेची आयटीआय. शिवाय दुसऱ्या गाडीचे इंजिन या गाडीत घातले की पाटीवरचा चॅसी क्रमांक अर्धा खोटा होतो. मी त्यांना म्हटले आहे की इंजिन मिळाले तर जरूर आणा, आयटीआयच्या शेडमध्ये स्टँडवर बसवा, पोरांसमोर सुरू करा, हवा तेवढा धूर काढा. बसमध्ये नको. आणि आणताना त्याचा लिलावाचा कागद घेऊन या.